वाचनाची गोडी: लागते केव्हा, टिकते कशी

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही झालं. खानदेशाला संमेलनांची नवलाई नाही. पहिलं मराठी कविसंमेलन १९०७ मध्ये जळगावला झालं. पुढे साहित्य संमेलन १९३६ ला जळगावात, १९४४ ला धुळ्यात, १९५२ ला अमळनेरला आणि १९८४ ला पुन्हा जळगावात आलं. मांडव कोणताही असो, एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं: वाचक राहिले नाहीत. त्यावर टाळ्याही ठरलेल्या. पण या गाऱ्हाण्याच्या पोटात एक खरा प्रश्न आहे, आणि त्यावर गेल्या चाळीसेक वर्षांत जगभर बरंच काम झालं आहे. माणूस वाचक होतो तो कसा? ही गोडी लहानपणी लागली तरच लागते, की मिसरूड फुटल्यावर, लग्न झाल्यावर, निवृत्तीनंतरही लागू शकते?

वाचक म्हणजे कोण, हे आधी ठरवून घेतलेलं बरं. परीक्षा नाही, नोकरीची गरज नाही, कुणी सांगितलेलंही नाही, तरी वर्षानुवर्षं आपण होऊन पुस्तक हाती घेणारा माणूस या लेखापुरता वाचक समजतो. दरवर्षी श्रावणात तीच पोथी वाचणारी आजी यात बसते की नाही, यावरही मतभेद आहेत. ते ओघात येतीलच.

मागचा पट

छापील पुस्तक घरोघर पोचण्याआधी खानदेशात वाचन होतं ते पोथीचं. शिवलीलामृत, नवनाथ भक्तिसार, हरिविजय, पांडवप्रताप. एक जण वाचणार, जमलं तर दुसरा अर्थ सांगणार आणि ओसरीवर दहा-पंधरा जण ऐकणार. अक्षरओळख एकाला, गोडी सगळ्यांना, असा हा हिशेब होता. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांनी शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आईच्या ओव्यांतून बाहेर आली, अशी हकीकत सांगितली जाते. ‘बहिणाबाईंची गाणी’ त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. पुस्तकाशी इतकं घट्ट नातं असलेली ही बाई आपल्या आजच्या कोणत्याही सर्वेक्षणात ‘अवाचक’ या रकान्यात पडली असती.

दुसरा धागा सार्वजनिक वाचनालयांचा. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ पासूनचं. धुळ्यात गरुड वाचनालय, चाळीसगावला शेठ नारायण बंकट वाचनालय, अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय. धुळ्याला तर पुस्तकं जपण्याचं व्यसनच. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या दफ्तरासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून गोळा केलेल्या समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर झालं. मात्र या काळातला वाचनालयाचा सभासद डोळ्यांसमोर आणला तर तो बहुतेक वकील, मास्तर, मामलेदार कचेरीतला कारकून, नाहीतर पेढीवरचा सुखवस्तू माणूस असायचा. बायका फारशा नाहीत, शेतमजूर नाहीत, दलित वस्तीतला मुलगा तर नाहीच.

तिसरा धागा अमळनेरचा. १९२४ मध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक प्रताप हायस्कुलात रुजू झाले. वसतिगृहाचा भार त्यांच्याकडे आला आणि मुलांसाठी ते रोज हातानं लिहिलेलं दैनिक काढू लागले. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक निघालं. या उद्योगाकडे आपण गुरुजींच्या मायाळूपणाचा नमुना म्हणून पाहतो, पण वाचनाच्या दृष्टीनं तो फार धोरणी होता. मजकूर रोज नवा, लिहिणारा रोज डोळ्यांसमोर वावरणारा, आणि वाचून झाल्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. आज बालवाचनावर काम करणारे लोक नेमक्या याच तीन गोष्टी मागतात.

आणि १९३२ चा धुळे तुरुंग. तिथे विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आहे. श्रोते सगळे वयानं वाढलेले, सत्याग्रहात पकडलेले. आठवडाभर वाट पाहायला लावणारं पुस्तक, भरपूर वेळ आणि दुसरी करमणूक नाही. मोठ्या वयात ग्रंथाची ओढ लावणारी जागा म्हणून तुरुंगाचं नाव घेणं विचित्र वाटतं, पण स्वातंत्र्यचळवळीतल्या माणसांच्या आठवणी वाचल्या की ते मान्य करावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर या सगळ्याला सरकारी चौकट आली. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला, अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आलं, आणि मग तपासणीही आली. पण माणूस वाचक कसा होतो, हे कायद्यानं विचारलं नाही. पुस्तकं आणि सभासद मोजले. वादाचा पुढचा भाग या न विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

घराची बाजू

सर्वांत जुनी आणि लोकप्रिय भूमिका अशी: ज्या घरात पुस्तकं, त्या घरात वाचक. तिला मोठा आकडेवारीचा आधार २०१० मध्ये मिळाला. मारिया एव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २७ देशांतल्या ७० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. सुमारे ५०० पुस्तकांच्या घरात वाढलेली मुलं पुस्तकं नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त शिकली, आणि हा फरक आईबापांचं शिक्षण व व्यवसाय बाजूला काढल्यावरही उरला. आकडा घसघशीत आहे. पण इथे मोजलं गेलं ते शिक्षण. आयुष्यभराची गोडी मोजली गेली नाही, आणि ही दोन सारखी नव्हेत हे आपल्या ओळखीतल्या कितीतरी पदवीधरांकडे पाहून कळतं.

याच भूमिकेला एक खोल छटा शर्ली ब्राइस हीथ या अमेरिकी अभ्यासिकेनं दिली. वाचक दोन वाटांनी तयार होतात, असं तिचं निरीक्षण. एक, लहानपणी घरात मोठ्या माणसाला मन लावून वाचताना पाहिलेलं आणि आपल्या वाचनाचा कुणी सोबती मिळालेला. दुसरी, आजूबाजूच्या जगात आपलं कुणी नाही असं वाटणारं एकलकोंडं मूल, ज्याच्यासाठी पुस्तकातली माणसंच संगतीला असतात. कादंबरीकार जोनाथन फ्रँझनच्या १९९६ मधल्या निबंधामुळे हा विचार अभ्यासकांच्या बाहेर पोचला. बालकवींचं उदाहरण ओढूनताणून यातल्या दुसऱ्या वाटेवर बसवता येईल, पण तो मोह टाळतो. कारण धरणगावात जन्मलेल्या या मुलाला १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानं उचलून धरलं आणि रेव्हरंड टिळकांच्या घरानं आसरा दिला. एकलेपण आणि सोबत त्यांच्या बाबतीत वेगळी काढता येत नाहीत.

खानदेशातल्या मध्यमवर्गीय घरांच्या आठवणी काढल्या की काही नावं पुन्हा पुन्हा येतात: ‘चांदोबा’, १९७१ पासूनचं ‘किशोर’, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या, बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात त्यात स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलची भर. पण या आठवणी वाचताना एक सावधगिरी हवी. त्या सांगतात ते पुढे वाचक, बहुतेकदा लेखक झालेले लोक. त्याच घरात, त्याच कपाटासमोर वाढलेला भाऊ पुढे कधी पुस्तकाला शिवला नाही. तो आठवणी लिहीत नाही. बालपणाच्या बाजूचा निम्मा पुरावा असा एकतर्फी आहे. आणि केळीच्या किंवा कापसाच्या रानात राबणाऱ्या ज्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडे छापील कागद म्हणजे बियाण्याचं पाकीट आणि सोसायटीची नोटीस, त्या घरातल्या मुलानं काय करायचं, याला घराच्या बाजूकडे उत्तर नाही. ते उत्तर शाळेनं द्यायचं, असं धरलं जातं.

शाळा आणि कौशल्य

शाळेच्या बाजूचा पाया १९८६ मध्ये कीथ स्टॅनोविच यांनी घातला. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, जास्त वाचतो म्हणून त्याला आणखी चांगलं येतं, आणि अडखळणारा दरवर्षी मागे पडत जातो. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं, या बायबलातल्या वचनावरून त्यांनी या प्रकाराला मॅथ्यूचं नाव दिलं. ॲन कनिंगहॅम यांच्यासोबत १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं की पहिलीतल्या वाचनक्षमतेवरून मूल १० वर्षांनी किती वाचत असेल याचा अंदाज बांधता येतो. २०११ मध्ये सुझन मोल आणि आड्रियाना बस यांनी ९९ अभ्यास एकत्र केले, तेव्हा असं दिसलं की वाचनाचं प्रमाण आणि भाषेवरची पकड यांचा संबंध वय वाढेल तसा घट्ट होत जातो. शाळेआधीच्या वयात तो साधारण १२ टक्के फरक समजावतो, तर कॉलेजच्या वयात ३४ टक्के.

मग आधी काय? स्टीफन क्रॅशेन म्हणतात, मुलांना हवं ते, हवं तेवढं वाचू द्या, कौशल्य मागून येईल. याच्या उलट, एल्सये व्हान बेर्गेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या सुमारे ११ हजार जुळ्या मुलांवरून निष्कर्ष काढला की साडेसात वर्षांच्या वयात तरी कौशल्य आधी आणि आवड नंतर. ज्याला वाचताना दम लागतो, तो आपण होऊन वाचत नाही. या दोन्ही बाजू माझ्या मते एकमेकींना खोडत नाहीत. दोघी वेगवेगळ्या वयाबद्दल बोलतात, हे चर्चेत हरवून जातं.

आपल्याकडे या वादाला काठिण्य येतं ते ग्रामीण मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीमुळे. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतली ४८.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ होतं, म्हणजे सुधारणा आहे. तरीही निम्मी मुलं अशी की त्यांच्या हातात ‘फास्टर फेणे’ दिला तर तो त्यांना शिक्षाच वाटेल. यावर दोन प्रकारचे उपाय चालले आहेत. एक, वाचायला शिकवणंच नीट करायचं. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथे नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था यावर काम करते. त्यांच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण नट मुलांपुढे गोष्ट सादर करतात आणि मग तेच पुस्तक मुलांना भेटतं. दुसरा, पुस्तकं दारात नेऊन ठेवायची. २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानड्यांनी नाशकात सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना, प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ. अमेरिकेत रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझन यांनी गरीब वस्तीतल्या मुलांना सलग तीन उन्हाळी सुट्ट्यांत प्रत्येकी डझनभर पुस्तकं दिली. अट एकच, पुस्तकं मुलांनी स्वतः निवडायची. २०१० मध्ये मांडलेले निकाल असे की या मुलांचं वाचन सुधारलं, आणि सर्वांत गरीब मुलांचं सर्वांत जास्त.

‘स्वतः निवडायची’ या दोन शब्दांवर आपल्या शाळांचं घोडं अडतं. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, पुस्तक फाटलं तर भरपाई कुणी करायची याची धास्ती. हे चित्र सगळीकडचं नसेल, पण ओळखीचं आहे. डॉ. कलामांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी कपाट उघडतं, फोटो निघतात, अहवाल वर जातो. या दिवसाचा उपहास करणं सोपं आहे. त्याच्या बाजूनं असं म्हणतात, आणि ते खरं आहे, की काही शाळांत वर्षातून एकदाच का होईना, मुलांचा हात पाठ्यपुस्तकाबाहेरच्या पुस्तकाला त्याच दिवशी लागतो. विरोधात म्हणणाऱ्यांचा आधार मानसशास्त्राचा आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षिसाचं आमिष दाखवलं, आणि पुढे त्यांचं चित्र काढणं कमी झालं. वाचनाच्या प्रमाणपत्रांचंही तेच होईल, ही भीती. फ्रेंच शिक्षक-लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यातला पहिलाच न वाचण्याचा.

घरची बोली, पुस्तकाची भाषा

खानदेशात या वादाला एक फांदी आहे जी पुण्या-मुंबईच्या चर्चेत दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी हीच मातृभाषा नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते. त्यात अहिराणी आली. यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी, तांड्यांवर बंजारा. पहिलीतल्या मुलाला अक्षर आणि प्रमाण मराठी दोन्ही एकदम शिकायचं असतं. पहिली पुस्तकं बोलीत द्या, असं एका बाजूचं म्हणणं. ऐकताना ओळखीचा वाटणारा शब्द कागदावर दिसला की मूल ठेचाळत नाही. दुसरी बाजू म्हणते, बोलीत पुस्तकं मोजकी, लेखनपद्धती ठरलेली नाही, आणि पालकांनाच पोरानं ‘शुद्ध’ बोलावं असं वाटतं. अलीकडे तर इंग्रजी माध्यमात जावं असं. डॉ. रमेश सूर्यवंशींनी अहिराणीचा शब्दकोश केला, त्यामुळे लेखनपद्धतीचा आक्षेप थोडा हलका झाला. पालकांचा आक्षेप मात्र जागच्या जागी आहे.

मोठ्या वाचकाच्या बाबतीत भाषेचं वजन वेगळ्या तऱ्हेनं कळतं. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तेव्हा लेखक पंचविशीत होता. आपल्याकडच्या पोरासारखं बोलणारा नायक पुस्तकात असू शकतो हे तिथे पहिल्यांदा कळलं आणि मग वाचत सुटलो, असं सांगणारे खानदेशातल्या कॉलेजांतून निघालेले लोक अजून भेटतात.

उशिरा आलेले

आता तिसरी भूमिका. ती संशोधनापेक्षा चरित्रांतून पुढे येते, म्हणून अभ्यासक तिच्याकडे जरा दुर्लक्षानं पाहतात. लहानपण कोरडं गेलं तरी वाचक तयार होतो, असं ती म्हणते. फक्त त्याला कारण लागतं.

लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर अक्षरं गिरवावी लागली. त्याच लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं आली आणि मराठी आत्मचरित्रात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, मराठीत कळेल अशी गीता तिला हवी होती. ‘गीताई’च्या मुळाशी हीच मागणी आहे. म्हणजे एका प्रौढ बाईची वाचण्याची इच्छा आधी आली आणि पुस्तक मागाहून लिहिलं गेलं.

दलित चळवळीत ही वाट राजरस्ता झाली. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे हजारो पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या माणसाच्या अनुयायांनी पुस्तकाला मान दिला तो निव्वळ छंद म्हणून नव्हे. ६ डिसेंबरला चाळीसगाव-भुसावळकडून दादरला जाणाऱ्या गाड्यांतली माणसं परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन येतात. घरात वाचता येणारं एकच पोर असेल तरी पुस्तक येतं आणि मग ते पोर सगळ्यांना वाचून दाखवतं. ओसरीवरच्या पोथीची पद्धत, मजकूर मात्र नेमका उलटा. याला वाचन म्हणायचं की श्रद्धा, असा प्रश्न काही जण करतात. तोच प्रश्न पोथी वाचणाऱ्या आजीलाही लागू आहे. माझ्या मते दोघांनाही वाचक म्हणायला हरकत नसावी. एका पुस्तकाशी पन्नास वर्षं नातं राखणं हे पन्नास पुस्तकं चाळण्यापेक्षा हलकं कसं?

शहाद्याकडे, जो भाग १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यात होता, १९७२ पासून श्रमिक संघटनेनं आदिवासींच्या जमिनींचा लढा चालवला. अशा लढ्यात उतरलेल्या माणसाला सातबारा, नोटीस, पत्रक वाचावंच लागतं. नडीनं सुरू झालेलं वाचन कधी कधी नडीपलीकडे जातं. याच चळवळीतले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा भिली-मराठी कवितासंग्रह १९८७ चा. पण किती जणांचं वाचन सातबाऱ्यापाशीच थांबलं, ते कोणत्याही चरित्रात येत नाही. उशिराच्या बाजूचा पुरावाही शेवटी तसाच एकतर्फी आहे.

सुटतं कुठे

इथवरच्या सगळ्या बाजू वाचन सुरू कसं होतं यावर भांडतात. मला या चर्चेतली मोठी फट दुसरीकडे दिसते. गोडी लागलेल्यांचीही ती मध्ये सुटते, आणि सुटते ती ठरावीक वळणांवर: दहावी-बारावी, मुलींचं लग्न, पहिली नोकरी, पहिलं मूल. आयुष्यभर वाचणाऱ्या बहुतेकांची कहाणी सलग नसतेच. ती दोन-तीनदा तुटून पुन्हा जोडलेली असते. पुन्हा जोडायची सोय कुठे आहे, हे पाहायचं तर तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात संध्याकाळी जाऊन बसावं.

बाहेरच्या खोलीत उतरत्या फळ्यांवर वर्तमानपत्रं लावलेली. तिथे निवृत्त मंडळी, एकेक पान वाटून घेऊन. आतल्या काउंटरवर देवघेव चालू. काचेच्या कपाटात ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’ यांच्या पुन्हा पुन्हा बांधून घेतलेल्या प्रती, सुहास शिरवळकरांचा खण अर्धा रिकामा, म्हणजे पुस्तकं बाहेर फिरतीवर. एक शाळकरी मुलगा येतो, आईनं दिलेली चिठ्ठी पुढे करतो. त्यावर पुस्तकाचं नाव नाही, ‘मागच्यासारखी एखादी द्या’ एवढंच. काउंटरवरच्या बाई विचारात न पडता एक कादंबरी काढून रजिस्टरला नोंद करतात. त्या घरातली बाई वाचनालयाची पायरी क्वचितच चढत असेल, पण काय दिलं तर ती रात्री दिवा उशिरापर्यंत ठेवील, हे या बाईंना पक्कं ठाऊक आहे. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये लिहून ठेवलं. तो नियम इथे जेमतेम मानधनावर पाळला जातो.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका. तिथे जागा मिळत नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसलेली, पुस्तकं स्वतःची, खालच्या कपाटांशी संबंध पंख्यापुरता. यावर दोन मतं आहेत. ग्रंथालय चळवळीतले जुने लोक म्हणतात, ही वाचनालयाची खाणावळ झाली. चालवणारे म्हणतात, अभ्यासिकेच्या फीवर तर दिव्याचं बिल निघतं, आणि पुस्तकांच्या इमारतीत तीन वर्षं काढलेला मुलगा उद्या तलाठी झाला तरी ती पायरी विसरणार नाही. दुसऱ्या मतात आशा जास्त आहे, पण ते खोटं ठरलं असंही म्हणता येत नाही. अनुदानाची ओढाताण मात्र वादाच्या पलीकडची आहे. राज्यात शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात. २०१२ च्या पडताळणीनंतर नव्यांची मान्यता बराच काळ अडली. ‘गाव तिथे ग्रंथालय’ ही घोषणा त्याहून जुनी.

मोबाइलचं काय

हा भाग थोडक्यात, कारण इथे आवाज जास्त आणि पुरावा कमी आहे. २०१८ मध्ये डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी १ लाख ७० हजारांवर लोकांचा समावेश असलेले ५४ अभ्यास एकत्र केले. कागदावर वाचलेलं पडद्यावरच्यापेक्षा अधिक समजतं, असं दिसलं. पण हा फरक माहितीपर मजकुरात होता, गोष्टींत नव्हता. दुसरीकडे ‘किशोर’चे जुने अंक आज मोबाइलवर फुकट मिळतात आणि ई साहित्य प्रतिष्ठानसारखे लोक मराठी पुस्तकं विनामूल्य पोचवतात. ज्या गावात वाचनालय नाही त्या गावात मोबाइल आहे. बोलक्या पुस्तकांमुळे ऐकणं म्हणजे वाचणं का, हा वाद पुन्हा निघाला आहे. बहिणाबाईंच्या प्रदेशात तरी तो नव्यानं घालायची गरज पडू नये.

अजून न सुटलेलं

बालपण निर्णायक आहे का, यावर आजचं प्रामाणिक उत्तर असं: वाचण्याचं कौशल्य लहानपणी आलं नाही तर पुढचा रस्ता फार चढणीचा, यावर जवळपास एकमत आहे. गोडी मात्र लहानपणीच लागली पाहिजे, याला तेवढा पक्का आधार नाही. २०११ च्या जनगणनेत साक्षरता जळगाव जिल्ह्यात सुमारे ७८, धुळ्यात ७३ आणि नंदुरबारमध्ये ६४ टक्के होती. साक्षर आणि वाचक यांच्यामधली माणसं किती, हे या आकड्यांवरून काढता येत नाही.

परदेशी निष्कर्ष इथे कितपत लावायचे, हेही ठरलेलं नाही. पाचशे पुस्तकांचं घर हे माप खानदेशात कुणाच्या कामाचं? इथे पुस्तक मालकीपेक्षा फिरतीवर जास्त वाचलं जातं. एक कादंबरी गल्लीतल्या सहा घरांत जाते आणि पाहणीत पाच घरं बिनपुस्तकाची ठरतात. बोलीतल्या पहिल्या पुस्तकानं लांबवर काय फरक पडतो, हे तपासायचं तर त्याच मुलांकडे दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा जावं लागेल. एवढा धीर धरणारा प्रकल्प तीन वर्षांच्या निधीत बसत नाही.

वाचन मध्ये सुटणाऱ्यांबद्दल मात्र एक साधन हाताशी आहे. वाचनालयांच्या सभासद नोंदवह्यांत नाव, पत्ता, प्रवेशाची तारीख, अनामत परत नेल्याची तारीख आणि कधी कधी काही वर्षांनी त्याच नावानं पुन्हा भरलेली अनामत असते. लग्न होऊन गेलेल्या मुलींची खाती बंद झाल्याचे महिने, बदली झालेल्या मास्तरांची खाती, साठीनंतर परत आलेले, सगळं त्यात आहे. जुन्या वाचनालयांनी या वह्या रद्दीत घालण्याआधी विद्यापीठाच्या एखाद्या विभागानं त्या मागून घेतल्या, तर कोण कधी गेलं आणि कोण कधी परतलं, एवढं तरी तारखेनिशी सांगता येईल.